१२ जुलै : फळ्यावरच्या एका ओळीत न मावणारा दिवस

मुठाकाठची

मी एकतीस वर्षं पुण्यातल्या एका शाळेत शिकवलं. त्यातली बावीस वर्षं दर्शनी फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे होतं. प्रार्थनेच्या आधी ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, वर तारीख-वार-तिथी लिहायची आणि खाली चार ओळी. कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, काय घडलं. मुलं डबा खाताना वाचायची आणि चुकलं तर येऊन सांगायचीसुद्धा.

१२ जुलैला मात्र माझा हात अडायचा. त्या दिवशी मी दरवर्षी एकच ओळ लिहिली : "१९६१ – पानशेत धरण फुटले." बाकी फळा रिकामा सोडायचे.

तेव्हा मी सात वर्षांची, दुसरीत होते. शनिवार पेठेत आमचं बिऱ्हाड नदीपासून फार तर चार वाडे सोडून होतं. बुधवार होता. शाळा भरली आणि थोड्याच वेळात सुटली. रस्त्यात काही माणसं "धरण फुटलं, पळा" म्हणत धावत होती आणि तेवढीच माणसं "अफवा आहे हो" म्हणत ओट्यावर उभी होती. आईनं तान्ह्या भावाला कडेवर घेतलं, देवघरातली अन्नपूर्णा माझ्या मुठीत दिली आणि आम्ही मंडईच्या दिशेनं चालत सुटलो. वडील दुकानाची खातेवही आणायला मागे थांबले. ते रात्री उशिरा एका ओळखीच्यांच्या माडीवर सापडले, कमरेपर्यंत चिखलात बरबटलेले. वही नव्हतीच. काही दिवसांनी घर बघायला गेलो तेव्हा वाड्याचा दिंडी दरवाजा उभा होता आणि त्याच्यामागे वाडा नव्हता. तो चिखलाचा वास मला आजही पावसाळ्यात मध्येच येतो.

म्हणून दुसरं काही लिहावंसं वाटायचं नाही. पण निवृत्तीनंतर माझ्या टिपणवह्या चाळताना जाणवलं, की बावीस वर्षं मी मुलांपासून एक आख्खा दिवस लपवून ठेवला. याच तारखेला १८१७ साली अमेरिकेतल्या काँकर्ड गावी हेन्री डेव्हिड थोरो जन्मला. गुलामगिरी आणि युद्धाला पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून एक रात्र तुरुंगात काढणारा हा माणूस, आणि त्याचं त्याबद्दलचं लिखाण पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडलं. १८५४ साली जॉर्ज ईस्टमन, ज्यानं कॅमेरा सामान्य माणसाच्या हातात दिला. १९०४ साली चिलीत कवी पाब्लो नेरुदा. १९०९ साली बिमल रॉय, तेव्हाच्या ढाका भागातले, नंतर कायमचे मुंबईचे. १९९७ साली स्वात खोऱ्यात मलाला. सोळाव्या वाढदिवसाला, १२ जुलै २०१३ रोजी, ती संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात मुलींच्या शिक्षणावर बोलली.

मुलींच्या शाळेच्या फळ्यावर मलालाचं नाव त्या तारखेला यायला हवं होतं. मी तोपर्यंत निवृत्त झाले होते, पण त्याआधीची सगळी नावं तरी यायला हवी होती.

आता नातीच्या शाळेत त्या दिवशीचा फळा लिहायला मला बोलावलंय. तुमच्याकडे १२ जुलैचं काय आहे? एकच विनंती : ज्याची खात्री आहे तेवढंच सांगा, आणि नुसतं नाव-साल न देता थोडं सविस्तर लिहा.

मसाईचं पठार

ताई, वाचून गलबललं. पण आमच्या कोल्हापूरकडं १२ जुलै म्हटलं की पयलं आठवतं ते पन्हाळा, आणि तेच तुमच्या यादीत न्हाई!

१२ जुलै १६६० ची रात्र. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून बसलेला. भर पावसात वेढा ढिला पडंल हा अंदाज चुकला. वर राजापूरचे इंग्रज आपल्या तोफा घेऊन आले आणि स्वतःचं निशाण फडकावून गडावर मारा करत बसले. त्याचा हिशोब महाराजांनी पुढच्या वर्षी राजापुरात जाऊन चुकता केला. त्या रात्री महाराज निवडक मावळे घेऊन गडाखाली उतरले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसले होते. ती पालखी पकडली जाणार आणि आपण परत येणार न्हाई, हे त्यांना ठाऊक होतं. खरी पालखी मसाईच्या पठारावरनं चिखल तुडवत पुढं गेली. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांच्या मावळ्यांनी वाट अडवून धरली, विशाळगडावरनं तोफांचा आवाज येईस्तोवर. विशाळगडालाबी सुर्वे आणि दळव्यांचा वेढा होताच, तो फोडून वर जावं लागलं. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती तिथनं.

मी हा रस्ता आजवर नऊ वेळा चाललोय, दर जुलैत. म्हाळुंग्याच्या पुढं ओढा आडवा आला की दोर लावून पार करतो आम्ही, आणि दर वेळी हाच विचार येतो की या चिखलातनं पालखी खांद्यावर घेऊन रातोरात कसं गेले असतील. आमच्याबरोबर टॉर्च, रेनकोट, गूळ-शेंगदाणे सगळं असतं, तरी दोन दिवस लागतात.

आणखी एक. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा हाय. ती बातमी आमच्या हातात पेपरातनं पडली १२ जुलैच्या सकाळी. त्या दिवशी मी पन्हाळ्यावरच होतो. शिवा काशीदांच्या समाधीवर फुलं ठेवायला माणसांची रांग लागली होती.

मुठाकाठची

तुम्ही नऊ वेळा चाललात, मी एकदाही नाही, त्यामुळे आधी तुम्हाला नमस्कार. पन्हाळा मी विसरले नव्हते, मुद्दाम बाजूला ठेवला. शाळेत असताना एका सहकारी सरांनी मला अडवलं होतं : "बाई, ही तारीख तिथीवरून काढलेली, आणि तीही जुन्या गणनेची. आजच्या १२ जुलैशी तिचा संबंध नाही." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही आणि नंतर मी तो विषयच टाळला. कुणी समजावून सांगेल का?

तिथीवार

सांगतो. थोडं लांब होईल, पण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

सरांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. १६६० साली इंग्रज जुनी, म्हणजे ज्युलियन गणना वापरत होते. पोप ग्रेगरीनं १५८२ साली दिनदर्शिकेतले दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. कॅथलिक देशांनी ते मानलं, इंग्लंडनं मानलं नाही. ते थेट १७५२ साली वठणीवर आले, आणि तोपर्यंत फरक अकरा दिवसांचा झाला होता. त्यामुळे महाराजांच्या काळात सुरत-राजापूरचा इंग्रज वखारवाला पत्रावर जी तारीख घाली, त्याच दिवशी गोव्यातला पोर्तुगीज आपल्या पत्रावर दहा दिवस पुढची तारीख घालत होता. एकच पाऊस, एकच दिवस, एका कागदावर १२ जुलै आणि दुसऱ्यावर २२ जुलै.

आपल्याकडे पन्हाळ्याची म्हणून रूढ असलेली १२ जुलै ही जुन्या गणनेची आहे. मी हे चंद्रावरून पडताळून पाहिलं. त्या रात्रीची तिथी आषाढ पौर्णिमा, शके १५८२. आजची, म्हणजे नवी गणना मागे नेली तर १२ जुलै १६६० ला पौर्णिमा पडत नाही. ती पडते २२ जुलैला. दहा दिवसांचा हिशोब तंतोतंत जुळतो. म्हणजे आभाळात पूर्ण चंद्र होता. ढगांनी तो झाकला असणार, आणि निसटायला त्याचाही उपयोग झाला असेल.

(एक योगायोग : ज्या वर्षी पोपनं दिवस गाळले ते इसवी सन १५८२, आणि पन्हाळ्याची ती रात्र शके १५८२ मधली. आकडा तोच, दोघांमध्ये ७८ वर्षांचं अंतर.)

हाच नियम बाकीच्या शिवकालीन तारखांनाही लागतो. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा जुन्या गणनेचा दिवस, आजच्या हिशोबानं १६ जून. शिवजयंतीचा १९ फेब्रुवारी १६३० नव्या गणनेत १ मार्च होतो. म्हणून काय ६ जूनला रायगडावर जायचं नाही? मी दरवर्षी जातो. तारीख ही लोकांनी एकत्र येण्यासाठी ठरवलेली जागा असते. फक्त जिथे लिहायची तिथे गणना कोणती ते सांगावं, म्हणजे मुलं गोंधळत नाहीत.

आता सगळ्यात गमतीची गोष्ट. ही जुनी गणना ज्याच्या नावानं ओळखली जाते तो ज्युलियस सीझर. रोमन लोकांनी त्याच्या जन्माच्या महिन्यालाच त्याचं नाव दिलं, तोच आपला जुलै. आणि त्याचा जन्मदिवस? इतिहासकार १२ जुलै की १३ जुलै यावर वाद घालतात, तिसरी तारीख कुणी सांगत नाही. ताई, ज्या माणसामुळे तुमचा फळा अडला तो बहुधा तुमच्याच तारखेचा.

लगनकाठ

तिथीवार, मी हे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमधून वाचतेय आणि अंगावर काटा आला. इथे १२ जुलै ही वर्षातली सगळ्यात मोठी तारीख आहे. नुसतं "ट्वेल्फ्थ" म्हटलं तरी पुरतं. प्रोटेस्टंट ऑरेंज संघटनेचे लोक बँड आणि झेंडे घेऊन मिरवणुका काढतात, आदल्या रात्री लाकडांच्या भल्या मोठ्या राशी पेटवतात. विल्यम राजानं बॉइन नदीकाठी कॅथलिक जेम्स राजाला हरवलं त्याची ही आठवण. आणि ती लढाई झाली १ जुलै १६९० ला, जुन्या गणनेनं! नव्या गणनेत तो ११ जुलै होतो. पण गणना बदलली तेव्हा फरक अकरा दिवसांचा होता, म्हणून १ चा १२ झाला आणि १२ वरच लोक थांबले.

मी इथे रुग्णालयात नर्स आहे. पहिल्या वर्षी मला वाटलं की आपल्या गणपतीसारखं काहीतरी असेल. वॉर्डात मी दोघींना उत्साहानं मिरवणुकीबद्दल विचारलं. एक हसून सांगायला लागली आणि दुसरी उठून बाहेर गेली. ती कॅथलिक वस्तीतली. तिच्यासाठी ही तारीख म्हणजे लहानपणी खिडक्या बंद करून घरात बसायचा दिवस. मुठाकाठची ताई, तुम्ही म्हणता ना की हात अडायचा. इथे अर्ध्या शहराचा अडतो.

तिथीवार

लगनकाठ, तुमच्या माहितीत भर : ऑग्रिमची लढाई जुन्या गणनेनं बरोब्बर १२ जुलैला झाली, १६९१ साली. त्याच युद्धातली आणि बॉइनपेक्षा कितीतरी जास्त रक्ताची. नव्या गणनेनं २२ जुलै, म्हणजे आपल्या पन्हाळ्यासारखंच.

काळा कोट

पुण्याची तारीख आणि पुण्याच्या माणसाचं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून मी घेतो. न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड, जन्म १२ जुलै १९२०, पुणे. नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी. २२ फेब्रुवारी १९७८ ते ११ जुलै १९८५ भारताचे सरन्यायाधीश. सात वर्षांहून जास्त. इतका काळ त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं नाही.

शेवटची तारीख बघा : ११ जुलै. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ६५. वाढदिवस १२ ला, म्हणून आदला दिवस कामाचा शेवटचा. आणि त्याच्याही आदल्या दिवशी, १० जुलै १९८५ ला, त्यांनी जो निकाल दिला तो मी आजही विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात वाचायला लावतो. मुंबईच्या पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना १९८१ साली ऐन पावसाळ्यात हुसकावून लावायला सुरुवात झाली होती. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. निकालानं सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण पोट भरायचं साधनच काढून घेतलं तर जगणं उरत नाही. पदपथ अडवायचा हक्क मात्र दिला नाही. हटवायचं तर रीतसर नोटीस देऊन आणि पावसाळा संपल्यावर. ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावायचा नाही. पाऊस डोक्यावर असताना माणसाला बाहेर काढू नये, ही साधी गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात लिहिली गेली. मूळ पुणेकर माणूस, जुलै महिना, आणि पानशेतला तेव्हा चोवीस वर्षं झालेली. हा संबंध माझा मी जोडलाय, पण निकाल वाचताना दर वेळी मनात येतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आणीबाणीत, १९७६ साली, बंदीप्रत्यक्षीकरणाच्या, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागायच्या हक्काच्या खटल्यात जे चार न्यायाधीश सरकारच्या बाजूनं उभे राहिले त्यांत चंद्रचूडही होते. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले. एकेचाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला गेला आणि ते लिहिणारे न्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, त्यांचे चिरंजीव. फळ्यावर जयंती लिहाल तेव्हा मोठ्या वर्गातल्या मुलांना दोन्ही सांगा, ताई. मुलांना झेपतं ते.

पिंपळपान

क्रिकेट राहिलं! संजय मांजरेकर, १२ जुलै १९६५. जन्म मंगळूरचा, खेळ अस्सल मुंबईचा, वडील विजय मांजरेकर. तंत्र बघायचं तर त्याची बॅट सरळ कशी खाली यायची ते बघावं.

सिनेमावाल्यांसाठी ही तारीख जडच आहे. राजेंद्रकुमार १९९९, दारासिंग २०१२, प्राण २०१३. तिघंही १२ जुलैलाच गेले.

पूर्व उपनगर

मी घाटकोपरचा. आमच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट; पुढे मी ती जुन्या वर्तमानपत्रांतून तपासली.

१२ जुलै १९४९. सकाळची वेळ, धो धो पाऊस, ढग पार डोंगरावर टेकलेले. डच विमान कंपनी केएलएमचं 'फ्रानेकर' नावाचं विमान दिल्लीहून सांताक्रूझला उतरायला येत होतं आणि घाटकोपरच्या डोंगरावर आदळलं. ४५ जण होते, एकही वाचला नाही. त्यात अमेरिकेचे १३ पत्रकार होते. डच सरकारनं त्यांना इंडोनेशिया दाखवायला नेलं होतं, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल डचांची बाजू अमेरिकेत पोचावी म्हणून. ते परत निघाले होते. पुलित्झर पारितोषिक मिळालेला निकरबॉकर त्यात होता. त्याच वर्षी २७ डिसेंबरला डचांनी इंडोनेशियाची सत्ता सोडली. त्या तेरा जणांनी घरी पोचून काय लिहिलं असतं हे कुणालाच कळलं नाही.

आजोबा तेव्हा तरुण होते, वस्तीतल्या लोकांबरोबर डोंगर चढून वर गेले. ते फार बोलायचे नाहीत. एवढंच म्हणायचे की चिखलात एक टाइपरायटर सरळ बसल्यासारखा पडला होता. आज त्या डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांनी घरं आहेत आणि खाली मेट्रो धावते. विमानं अजूनही डोक्यावरूनच उतरतात.

मुठाकाठची

हे मला अजिबात माहीत नव्हतं. पानशेतच्या बरोबर बारा वर्षं आधी, तोच दिवस, तोच पाऊस. टाइपरायटर वाचून थांबले थोडा वेळ.

गटसचिव

एवढ्या मोठ्या घटनांत आमची छोटी वाटेल, पण गावात ती रोज लागते. नाबार्डची, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेची, स्थापना १२ जुलै १९८२. शिवरामन समितीनं शिफारस केली, रिझर्व्ह बँकेकडचं शेतीकर्जाचं काम आणि कृषी पुनर्वित्त महामंडळ एकत्र करून ही बँक उभी केली. भांडवल तेव्हा १०० कोटी, मुख्यालय मुंबईत.

मी विकास सोसायटीचा सचिव. गावातला शेतकरी माझ्याकडे येतो, मी जिल्हा बँकेकडे, जिल्हा बँक राज्य बँकेकडे, आणि राज्य बँक नाबार्डकडे. जूनमध्ये बियाण्याला पैसा मिळाला तर पेरणी साधते, जुलैत मिळाला तर दुबार पेरणीच्या कामाचा. ही साखळी वेळेवर हलली की नाही त्यावर माझ्या गावचा श्रावण कसा जाणार ते ठरतं. पुढे १९९२ पासून बचत गटांना बँकेशी जोडायचं काम याच नाबार्डनं सुरू केलं. माझ्या आईच्या नावावर आयुष्यातलं पहिलं खातं त्यामुळे उघडलं गेलं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पासबुकावर अंगठा न लावता तिनं सही केली होती.

पिंपळपान

अजून एक आठवलं, परदेशातलं. फ्रान्सचा कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस. ज्यू असल्यामुळे हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकला, डेव्हिल्स आयलंडवर कैदेत पडला. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं तो दिवस १२ जुलै १९०६. आणि तो वारला १२ जुलै १९३५ ला. निर्दोष ठरल्याची तारीख आणि मरणाची तारीख एकच.

भराव आणि सांडवा

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. ताईंनी फळ्यावर "पानशेत फुटले" लिहिलं, ते का फुटलं यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. आमच्या पिढीला नोकरीत लागल्यावर पहिला धडा हाच मिळायचा.

पानशेत आंबी नदीवर. मातीचं धरण. काम १९६२ मध्ये पुरं व्हायचं होतं, पण १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी साठवायचं ठरलं. मातीच्या भरावाच्या पोटातून पाणी सोडायची जी मोरी असते, तिला आम्ही विमोचक म्हणतो. त्याचं आणि त्याच्या दरवाजाचं काम अपुरं होतं. पाऊस जोरात आला, तलाव झपाट्यानं चढला, अर्धवट दरवाजातून पाणी हिसके देत जाऊ लागलं. मोरीचं बांधकाम खचलं आणि तिच्यावरचा भराव बसू लागला. दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते काही काळ तग धरतं. मातीच्या भरावावरून एकदा पाणी वाहिलं की भराव विरघळतो, त्याला उपाय नाही.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान आले. भर पावसात, अंधारात त्यांनी खचत्या जागेवर वाळूची पोती रचली. त्या रात्री चंद्राचाही उजेड नव्हता, दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ अमावस्या होती. (तिथीवार, तुमचा पन्हाळा पौर्णिमेचा, आमचं पानशेत अमावस्येचं.) धरण त्यांना वाचवता आलं नाही, पण फुटणं त्यांनी सकाळपर्यंत लांबवलं. हेच पाणी मध्यरात्री पेठांत शिरलं असतं तर? ताईंच्या आईला तान्हं मूल कडेवर घेऊन मंडईकडे जायला जो वेळ मिळाला तो त्या पोत्यांनी दिलेला. माझं हे ठाम मत आहे, आणि त्या जवानांची नावं पुण्यात ठळकपणे कोरलेली असायला हवीत.

पानशेतचं पाणी खडकवासल्याच्या तलावात आलं. ते धरण १८७९ चं, दगडी. विश्वेश्वरय्यांनी तिथे १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. एवढा लोंढा झेलायला ते बांधलंच नव्हतं. काही तास टिकलं आणि त्याच दिवशी तेही गेलं. पुण्यातले पूल पाण्याखाली गेले, बंडगार्डनचा तेवढा वर राहिला. आणि पूर ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी नाही, कारण तलावच रिकामा! मग पेशव्यांच्या वेळचे हौद आणि वाड्यांतल्या विहिरी उपसून साफ केल्या.

चौकशीचं काम आधी न्यायमूर्ती बावडेकरांकडे, नंतर न्यायमूर्ती नाईकांकडे गेलं. पानशेत पुन्हा बांधलं, त्या जलाशयाला आता तानाजीसागर म्हणतात. मी त्याच्या विमोचकात उतरून तपासणी केली आहे. उतरताना वरच्या मातीच्या वजनाची जाणीव पाठीवर होते.

निसेन हट

माझं टोपणनाव बघून कुणी विचारायच्या आत सांगते. पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याची घरं उभारली होती, त्यांना निसेन हट म्हणत. माझा जन्म पुरानंतरचा, पण मी पूरग्रस्त कॉलनीत वाढले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही आज पुण्यातली चांगली वस्ती वाटते, पण त्यांची सुरुवात या पुरात आहे. स. गो. बर्वे यांनी पुनर्वसनाचं काम अंगावर घेतलं होतं. आमच्या घरात त्यांचं नाव देवासारखं घेतलं जायचं.

पेठेतल्या वाड्यात एका मजल्यावर चार जातींची बिऱ्हाडं असायची, पण ज्याचं त्याचं पाणी वेगळं. कॉलनीत नळ एक. माझी आजी म्हणायची, पुरानं सगळं नेलं तसं तेही नेलं, त्याबद्दल मी रडणार नाही.

ताई, अन्नपूर्णेचं काय झालं पुढे?

मुठाकाठची

आहे. माझ्या लग्नात आईनं मलाच दिली. मूठ इतकी घट्ट आवळली होती मी त्या दिवशी, की संध्याकाळी तळहातावर तिचा ठसा होता.

भराव आणि सांडवा, तुम्ही जवानांबद्दल लिहिलंत ते मी आज मोठ्यानं वाचून दाखवलं, धाकट्या भावाला. तोच तो कडेवरचा. तो काही बोलला नाही, पण उद्या पानशेतला जाऊन येऊ म्हणाला.

फळा असा ठरवलाय. छोटा आहे, सहा ओळीच मावतील :

१६६० – शिवराय पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद यांचे बलिदान.
१८१७ – हेन्री डेव्हिड थोरो यांचा जन्म.
१९२० – न्या. यशवंत चंद्रचूड यांचा पुण्यात जन्म.
१९४९ – घाटकोपरच्या डोंगरावर विमान कोसळून ४५ मृत्यू.
१९६१ – पानशेत व खडकवासला धरणे फुटली. आदल्या रात्री जवानांनी पोती रचली म्हणून हजारो वाचले.
१९९७ – मलालाचा जन्म. (मुलींनो, तिचं भाषण नक्की ऐका.)

नाबार्ड आणि बेलफास्ट मी तोंडी सांगणार आहे, वर्गात वेळ मिळाला की.

मसाईचं पठार

बाजीप्रभूंचं नाव?

मुठाकाठची

ते १३ जुलैचं. दुसऱ्या दिवशीच्या फळ्यावर सगळ्यात वर.

तिथीवार

पहिल्या ओळीत सालापुढे "जुन्या गणनेनुसार" एवढं घाला. एखादी मुलगी विचारेलच, आणि मग तुम्हाला पौर्णिमेचा चंद्र सांगता येईल.